बेसिनमधले केस

प्रिय भिंगरी,

अक्षर ओळखलंस ना? ओळखलं असशील तर लगेच फाडू नकोस. आधी वाच, मग हवं तर फाड. वरचे दोन शब्द लिहायला मला पाऊण तास लागला. नुसतं नाव लिहिलं तर नोटीस वाटत होती. 'चि.' लिहावं तर सहा वर्षांत जिला एकदाही आशीर्वाद दिला नाही तिला कुठल्या तोंडाने लिहायचं? शेवटी 'प्रिय' लिहिलं. खोडाखोड न करता लिहिलंय, हे तुझ्या लक्षात यावं म्हणून सांगते.

दुपारचे तीन वाजलेत. मी जेवणाच्या टेबलाशी बसले आहे, डोक्याला स्कार्फ घट्ट बांधला आहे, आणि समोर तीन वस्तू मांडून ठेवल्या आहेत: केस कापायचं मशीन, सूतगिरणीतून निवृत्त होताना मी आणलेलं भिंग, आणि कागदाची एक पुडी. तुझे बाबा आतल्या खोलीत झोपलेत, निदान घोरण्याचा आवाज तरी येतोय. आज सकाळी जे झालं ते मला अजून नीट कळलेलं नाही. मी रागावले आहे एवढं नक्की. कोणावर, ते मात्र सकाळपासून ठरत नाही. आधी वाटलं मशीनवर. मग बाबांवर. मग तुझ्यावर, पण ती तर सवयीचीच जागा. लिहिता लिहिता कळेल म्हणून लिहायला बसले.

सुरुवात त्या पार्लरपासून करायला हवी. कोपऱ्यावरची बाई वीस वर्षं माझे केस कापत होती, तुला आठवत असेल, तिचा एक दात सोन्याचा होता. तिने दुकान विकलं आणि मुलाकडे राहायला गेली. तिच्या जागी आता काचेचं दार, काळ्या खुर्च्या आणि तुझ्या निम्म्या वयाची एक पोर. महिन्यापूर्वी मी गेले तर मला विचारते, "आजी, सोबत कोण आलंय?" मी म्हटलं, सोबत माझी अक्कल आली आहे, तिला वेगळी खुर्ची लागत नाही. ती हसलीसुद्धा नाही. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि शेजारच्या मुलीला सांगितलं की या वयात सांभाळायला सोपे असे करून टाकू. माझ्याशी नाही बोलली, माझ्या डोक्यावरून पलीकडच्या मुलीशी बोलली, जसं आपण सोफ्याच्या कापडाबद्दल बोलतो. मी गळ्याचं फडकं सोडलं आणि उठून आले. आयुष्यात कुठल्याही खुर्चीवरून मी अशी अर्धवट उठले नव्हते. आम्हाला मिशनच्या शाळेत सिस्टरांनी शिकवलं होतं की सुरू केलेलं काम आणि बसलेली खुर्ची मध्येच सोडायची नाही.

त्यानंतर महिनाभर केस वाढत राहिले. माझे आणि बाबांचेही.

बाबांचं तुला माहीत असणार. आज सकाळपर्यंत मला वाटत होतं की तुला काही माहीत नाही; आता वाटतं, माझ्याआधी तुला कळलं असेल. नऊ आठवड्यांपूर्वी ते त्र्याहत्तराव्या वर्षी स्टुलावर चढले, माळ्यावरची बॅग काढायला. बॅग वरच राहिली, हे खाली आले. घोट्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं. प्लास्टर गेल्या आठवड्यात निघालं, पण अजून वॉकर लागतो आणि तीन जिने उतरायला डॉक्टरांनी सक्त मनाई केली आहे. दवाखान्यातून घरी आल्यापासून ते रोज बाथरूममध्ये जाऊन नळ मोठा सोडतात आणि वीस मिनिटं बाहेर येत नाहीत. मी दारावर थापा मारून पाण्याच्या नासाडीवर व्याख्यानं दिली. एकदा तर त्यांना म्हटलं की हाडाच्या डॉक्टरांबरोबर दुसऱ्याही डॉक्टरांना दाखवून घेऊ. ते आतून म्हणाले, "झालंच." आता कळतंय की ते नळ सोडून तुझ्याशी फोनवर बोलत होते. एवढं कळायला मला नऊ आठवडे लागले, आणि मी चौतीस वर्षं गिरणीच्या चाचणी विभागात दुसऱ्यांच्या चुका पकडत होते.

तर त्यांचे केस. तू घर सोडलंस त्याच वर्षी त्यांनी हे मशीन आणलं. म्हणाले, आता घरीच कापणार, न्हाव्याकडे रांगेत कोण बसणार. मला बरं वाटलं. मला वाटलं, त्यांनाही आता कुठलंही केस कापायचं दुकान बघवत नसेल, तुझ्यामुळे. मी मनात म्हटलं, चला, निदान एक माणूस माझ्या बाजूचा आहे. दर तिसऱ्या रविवारी सकाळी ते लांब फिरायला जायचे, अडीच-तीन तास. लोकरीची टोपी घालून जायचे आणि टोपी घालूनच यायचे. भर उन्हाळ्यातही. डोक्याला वारा लागतो म्हणायचे. आल्या आल्या टोपीसकट बाथरूममध्ये. मग आतून मशीनचा घूं घूं आवाज, पंधरा मिनिटं. बाहेर आले की डोकं नीटनेटकं, आणि बेसिनमध्ये केस. मी सहा वर्षं त्या केसांवर बोलले आहे. फार्मसीत चाळीस वर्षं गोळ्या मोजून देणारा माणूस बेसिन पुसू शकत नाही का, हे माझं ठरलेलं वाक्य. ते ऐकून घ्यायचे आणि पेपर उघडायचे. आणि मी मात्र शेजारच्या बँकवाल्यांना कौतुकाने सांगायचे की बघा, स्वतःचे स्वतः कापतात, मानेवरची रेघ बघा कशी, पट्टीने आखल्यासारखी. शिका काहीतरी.

पाय मोडल्यापासून केस कानांवर आले. मी दोनदा म्हटलं, आणा ते मशीन, मी कापते. एरवी मी दिलेला कपडा न बघता अंगात घालणारा माणूस, पण केसांच्या बाबतीत एकदम ताठ. "तुला नाही जमणार," म्हणाले. मी म्हटलं, तुम्हाला आरशात बघून जमतं आणि मला डोळ्यांसमोर बघून जमणार नाही? ते म्हणाले, राहू दे, वाढू देत, आता कुणाला दाखवायचंय. असं कधी बोलत नाहीत ते. दर तिसऱ्या रविवारी खिडकीशी खुर्ची ओढून बसतात आणि खाली बस थांब्याकडे बघत राहतात. मला वाटलं, पाय दुखत असेल.

आज सकाळी ते व्यायाम शिकवणाऱ्या माणसाबरोबर आतल्या खोलीत पाय वर-खाली करत होते, तेव्हा मी बाथरूमच्या कपाटातून मशीन काढलं. ठरवलं की आधी स्वतःच्या केसांवर हात बसवायचा, मग त्यांच्याकडे वळायचं, म्हणजे 'जमणार नाही' म्हणायला जागा उरणार नाही. त्या काळ्या खुर्चीवाल्या पोरीलाही मनातल्या मनात उत्तर दिल्यासारखं झालं असतं. डब्यात मशीनला लावायचे प्लास्टिकचे कंगवे होते, एक ते आठ नंबरांचे. ते सगळे एका सीलबंद पिशवीत होते. कारखान्यातून आली तशी पिशवी, वर स्टेपल मारलेली. माझ्यासारखीने तिथेच थांबायला हवं होतं. सहा वर्षं वापरलेल्या मशीनचे कंगवे सीलबंद कसे? पण घाई होती. मी पिशवी फाडली आणि नंबर बघितले.

इथे माझी चूक झाली, ती तुला सांगते. तू हसशील. हस. आमच्या गिरणीत सुताचा नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. दहा नंबरचं म्हणजे सुतळीसारखं, ऐंशीचं म्हणजे केसासारखं. चौतीस वर्षं हाच हिशेब बोटांत मुरलेला. मी विचार केला, आपण नवखे, सुरुवात जाड बाजूने करावी, केस लांब ठेवणारा कंगवा लावावा. म्हणून एक नंबर लावला. आठ नंबरला तर हातच लावला नाही; म्हटलं, त्याने तर टक्कलच पडेल. मागून मानेपासून सुरुवात केली आणि वर टाळूपर्यंत एका दमात नेलं. सिस्टर म्हणायच्या, रेघ मारायची तर थांबू नका.

मशीन हलकं झालं आणि मान एकदम गार पडली. मशीनचा हिशेब उलटा निघाला, नंबर जितका लहान तितके केस आखूड. खाली बघितलं तर फरशीवर बोटभर लांबीचे माझे केस, अगदी पसाभर. दुसरा आरसा मागे धरून बघितलं. डोक्याच्या मागच्या बाजूला मानेपासून टाळूपर्यंत एक पांढरा रस्ता झाला आहे, दोन बाजूंना झाडी ठेवून. त्यावरून सायकल जाईल.

मी रडले वगैरे नाही. मी ते नीट करायला गेले. तेव्हा मला कळलं की ते नीट होत नाही. दोन आरशांत हात उजवीकडे न्यावा तर डावीकडे जातो. वर न्यावा तर कानाला लागतो. मशीन उलटं धरावं तर अंगठा बटणावर पोचत नाही. मी तीनदा प्रयत्न केला आणि रस्त्याला दोन गल्ल्या फुटल्या. स्वतःच्या मानेवर सरळ रेघ कुणालाच मारता येत नाही, भिंगरी. तुला हे माहीतच असेल, तुझा धंदाच तो. मला आज बाथरूममध्ये उभं राहून कळलं. आणि बाबांच्या मानेवर सहा वर्षं पट्टीने आखल्यासारखी रेघ होती.

मग मी डबा पुन्हा उघडला, आणि या वेळी घाई केली नाही. मशीनचं पातं भिंगाखाली धरलं. त्यावर कारखान्यातलं तेल होतं, माझे केस होते, आणि दुसरं काही नव्हतं. डब्याच्या तळाशी, माहितीपत्रकाच्या खाली, चार पुड्या होत्या. जुन्या काळच्या औषधाच्या पुड्या, एका बाजूचा कोपरा दुसऱ्यात खोचलेला. अशी पुडी आता फक्त एकच माणूस बांधतो आणि तो माझ्या घरात राहतो. आधी वाटलं, कसलं औषध माझ्यापासून लपवून घेतायत? हृदयाचं? एक पुडी उघडली आणि जवळजवळ जिभेवर ठेवणार होते, चव बघायला.

आत केस होते.

आणि पुडीच्या कागदावर तुझ्या दुकानाचं नाव छापलेलं होतं. तुझे बाबा दर तिसऱ्या रविवारी तुझ्याकडे केस कापून घेत होते. तिथलेच थोडे केस घेऊन येत होते, डोस बांधल्यासारखी पुडी करून. आणि बाथरूमचं दार लावून, मशीन हवेत चालू ठेवून, माझ्या बेसिनमध्ये ते शिंपडत होते, मला बोलता यावं म्हणून. चार पुड्या शिल्लक होत्या, म्हणजे पुढची बेगमीसुद्धा करून ठेवली होती. ज्या माणसाला वाढदिवसाची भेटवस्तू लपवता येत नाही, तो सहा वर्षं हे करत होता. मी बाथरूममधल्या स्टुलावर बसले आणि मला हसू आलं, आणि तेवढ्यातच रागही आला. दोन्ही एकदम होऊ शकतं हे मला या वयात कळलं. आतून तो व्यायामवाला मोजत होता, सात, आठ, नऊ, आणि तुझे बाबा कण्हत होते.

मी ते केस टेबलावर आणले आणि कागदावर पसरून भिंगाखाली बघितले, एकेक. मला दुसरं काही येत नाही, पण धागा वाचता येतो. पांढरे, आखूड, सरळ, ते बाबांचे. काळे कुरळे कुणा तरुण मुलाचे. एक लालसर, रंगवलेला, कुणा हौशी माणसाचा. फरशीवरचे केस गोळा करताना त्यांनी निवडत बसायचं नाही, हे मी समजू शकते. पण सहा वर्षं मी परक्या पुरुषांचे केस स्वतःच्या हातांनी माझ्या बेसिनमधून काढत होते, आणि त्याच हातांनी पुढे स्वयंपाक करत होते.

तुला कळलं मी कुठे आले ते.

त्या दिवशी मी जे बोलले ते तुला पाठ असेल. मलाही आहे. चांगली कंपनीतली नोकरी सोडून तू दोन खुर्च्यांचं पुरुषांचे केस कापायचं दुकान टाकलंस, आणि पहिल्या दिवशी संध्याकाळी पेढ्यांऐवजी फुलं घेऊन घरी आलीस, आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हटलं, "दिवसभर परक्या पुरुषांच्या डोक्यात घातलेले हात घेऊन माझ्या स्वयंपाकघरात यायचं नाही." तू हातांकडे बघितलंस. दोन्ही बाजूंनी, उलटेसुलटे करून, जणू त्यांना खरंच काही लागलंय का ते बघत होतीस. मग फुलं चपलांच्या स्टँडवर ठेवून गेलीस. बाबा त्या वेळी हॉलमध्ये होते. ते त्या दिवशी काही बोलले नाहीत आणि त्यानंतरही बोलले नाहीत. मी त्याचा अर्थ माझ्या सोयीने लावला.

मला तुला एक गोष्ट सांगायची आहे, आणि तिचा याच्याशी काही संबंध नाही. शाळेत नऊ वर्षांची असताना माझ्या डोक्यात उवा झाल्या. मोठ्या सिस्टरांनी मला व्हरांड्यात स्टुलावर बसवलं आणि हाताने दाबायच्या मशीनने सगळे केस काढले. वर्गातल्या मुली रांगेने प्रार्थनेला चालल्या होत्या, एकेक करून माझ्याजवळून गेल्या. मी रडले नाही, रडल्यावर आणखी वेळ लागला असता. झाल्यावर सिस्टर तिथल्याच नळावर गेल्या आणि त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले. दोनदा साबण लावून. माझ्या समोर. त्यांनी काही वाईट केलं नाही, उवा होत्याच. मला मशीनचा राग नाही, तेव्हाही नव्हता. ते हात धुणं मात्र मनात राहिलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुझ्या बाबांनासुद्धा नाही. आज मान गार पडली तेव्हा आठवलं, म्हणून लिहिलं. तू म्हणशील, संबंध आहे. असेल. मला आज काहीच खात्रीने सांगता येत नाही.

एक केस राहिला. पुडीत सगळे आखूड होते, पण एक लांब होता, वीतभर. मी तो वेगळा काढला. मुळापासून निम्म्यापर्यंत तो काळा नाही, भिंगरी, पांढरा आहे. पिळाचा, मध्ये चपटा. असा केस माझा आहे आणि माझ्या आईचा होता, आणि आमच्या घरात दुसऱ्या एकाच माणसाला तो मिळाला. तू छत्तीस वर्षांची. तुझे केस पिकायला लागले हे मला एका पुडीतून कळलं. मी तो केस टाकून दिलेला नाही. पाकिटात घालून ठेवावा असं वाटलं, मग ते भलतंच वाटलं, मग पुन्हा पुडीतच ठेवला. त्यांची घडी मला जमत नाही, कोपरा सुटतोय.

बाबांना मी काही विचारलं नाही. जेवताना त्यांनी स्कार्फकडे बघून विचारलं, डोक्याला काय बांधलंस? मी म्हटलं, वारा लागतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग ताटाकडे. सत्तराव्या वर्षी मी त्यांच्याशी पहिल्यांदा उघड खोटं बोलले, आणि ते वाक्यसुद्धा त्यांच्याचकडून उसनं घेतलेलं. त्यांना कळलं की नाही, मला माहीत नाही. मला कळलंय हे त्यांना सांगावं की नाही, तेही ठरत नाही. सांगितलं तर ते माफी मागतील, आणि मला ती नको आहे. त्यांचं एवढं मोठं काम एका माफीत संपवायला मला आवडणार नाही. त्यांनी सहा वर्षं दोन घरं एका टोपीखाली सांभाळली. मी त्या टोपीला दर उन्हाळ्यात नावं ठेवली.

आता पत्र का लिहिलं ते. पुडी तुझ्या दुकानाच्या जाहिरातीच्या कागदाची आहे, त्यामुळे पत्ता मिळाला. त्याच कागदावर खाली छापलंय की ज्यांना दुकानापर्यंत येता येत नाही त्यांचे केस घरी येऊन कापले जातील. आमच्या घरात असे दोघं आहेत. एकाला पाय नाही आणि दुसरीला तोंड नाही. येत्या रविवारी सकाळी दहाला मी भाजी आणायला बाहेर पडेन आणि बारापर्यंत येणार नाही, वाटेत कुणी भेटलं तरी नाही. किल्ली बँकवाल्यांकडे ठेवते. बेल वाजवू नकोस, वाजली की ते वॉकर सोडून धावतात. त्यांचे केस काप, मानेवरची रेघ तुझ्या पद्धतीने काढ, आणि मला कळलंय हे त्यांना सांगू नकोस. त्यांना वाटू दे की आपलं गुपित अजून चाललंय. बाराच्या आत जायचं असेल तर जा, मी समजेन, आणि रागावणार नाही. निदान तुझ्यावर नाही. पण थांबलीस तर माझ्या डोक्यामागचं काही करता येतं का बघ. कसंही कर, फक्त माझ्याशी बोलत कर, कुणा दुसऱ्याशी नको. चहा करशील ना, तर सरळ स्वयंपाकघरात जा. हात जसे असतील तसे. आणि एक, बेसिन धुऊ नकोस. थोडे केस राहू देत, या खेपेला त्यांचे स्वतःचे. दारातून आत आल्या आल्या मला काहीतरी बोलायला लागतं, आणि 'कशी आहेस' हे माझ्या तोंडात एकदम येणार नाही.

तुझीच,
स्कार्फ बांधून बसलेली आई